बैल गेले, इसावा राहिला

मार्गशीर्ष लागला की आधी माझं नाक जागं होतं, मग मी. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं, हे मला अंथरुणातच कळतं. पहिल्यांदा येतो चिपाडांचा धूर, जरा खवखवणारा. मग रसावर मळी चढल्याचा ओलसर, हिरवट वास. आणि ऊन पायरीवर आलं की मग तो खरा वास येतो, पाक गुळाच्या बेतात आलेला असतानाचा. त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, पण वास कोण बंद करणार? मी खुर्ची अंगणात ओढते, शाल गुंडाळते आणि पोटभर वास घेते. सून आतून ओरडते, "आई, थंडी बाधंल." बाधू दे.

यंदा नेमकं त्या वासातच नातीचा फोन आला. ती चाकणकडं एका कारखान्यात माणसांचं खातं सांभाळते. म्हणजे कुणाला कुठं लावायचं, कोण कुणाशी बोलत नाही, कोण रुसून घरी बसलंय, हे सगळं तिच्या गळ्यात. त्यांच्याकडं नवं यंत्र आलंय म्हणे, आणि ते आल्यापासून माणसं बिनसलीत. बक्षिसं लावून झाली. बाहेरून एक मोठा वक्ता आणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावून झालं. "आजी, तरी कुणाचं मन लागत नाही गं," ती म्हणाली. मला असं हसू फुटलं की फोन कानापासून लांब धरावा लागला. अगं, बक्षीस तर मीसुद्धा लावलं होतं. मी तर फेटा लावला होता.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी जुन्नरची मुलगी, सातवीची फायनल पास झालेली, आणि लग्न होऊन आले महाळुंगे पडवळला. मालक खडकीला कारखान्यात नोकरीला, सणासुदीला घरी. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि मळ्यात त्यांचं गुऱ्हाळ. शेजारपाजारच्या मळ्यांतला ऊस पाळीपाळीनं आमच्याच चरकावर यायचा. उभ्या लोखंडी लाटांचा तो चरक, त्याच्या डोक्यावर आडवा लांब दांडा, दांड्याला पाखऱ्या आणि सोन्या ही बैलजोडी, आणि बैलांच्या मागं दिवसभर गोल गोल फिरणारा धोंडिबा. जमिनीवर त्यांच्या पावलांची एक गोल वाट पडली होती. ती पावसाळ्यातसुद्धा मोडायची नाही. गवत उगवायचं ते तेवढी वाट सोडून.

त्या सगळ्या कामाचा ताल बैलांच्या हातात होता, म्हणजे पायांत म्हणा. बैल दमले, त्यांचे कान पडले, की धोंडिबा मान वर करून हाळी द्यायचा, "हां, सोऽऽडा रंऽऽ." दांडा थांबायचा. चरकात ऊस घालणारा हात झटकून उठायचा. चिपाडं वाहणाऱ्या बाया सावलीत बूड टेकायच्या. गूळ करणारा गुळवा रामभाऊ रसाच्या काहिलीवरून खाली यायचा आणि बिडी शिलगवायचा. आणि सगळ्यांना एकेक टमरेल रस. वाटेनं जाणारं कुणी असलं तरी त्याला हाक मारायची, "या पावणं, रस घ्या." गुऱ्हाळावर आलेल्याला नाही म्हणायचं नाही, अशी रीत. ह्याला आमच्याकडं इसावा म्हणत. कुणाचा इसावा? तर बैलांचा. माणसं आपली त्यात बसून घेत. माणसांना विसावा लागतो असं कुणी तोंडानं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणायची गरजच पडत नव्हती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मामंजी गाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. फळ्या बांधून त्यांना बाजेवर निजवलं. पंधरवड्यात त्यांचे चुलतभाऊ बाबूराव भेटायला आले. भेटायला म्हणजे मोसंबी घेऊन बसले आणि नजर खिडकीतून चरकावर. त्यांची वस्ती रस्त्याच्या कडेला, चार माणसं हाताखाली. "दादा, औंदा गुऱ्हाळ माझ्याकडं हलवू. तुमचा पाय आसा, पोरगं खडकीला. हितं बगणार कोन?" मी दाराआड चहा गाळत होते. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, पदर डोक्यावर घट्ट ओढून मी दारात आले आणि म्हणाले, "मी बघीन."

बाबूराव हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी छताकडं बघत सांगितलं, "ठीक. औंदाचा सगळा ऊस, शेवटच्या कांड्यापातुर, आपल्या हितं गाळून दाव. पाळीतला येक शेतकरी जरी दुसरीकडं गेला, तरी पुढल्या सालापून गुऱ्हाळ बाबूचं." एवढी एक गोष्ट. ती जिंकायची किंवा हरायची. आणि खरं सांगते, मला मजाही वाटत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चूल सोडून दुसरं काही दिलं होतं.

इंजनाची कल्पना माझी. जुन्नरला आमच्या आळीच्या तोंडाशी रज्जाक मिस्त्रींचं लोहारकामाचं आणि यंत्रदुरुस्तीचं दुकान. लहानपणी मी त्यांच्याकडं पाटीवरची पेन्सिल टोकदार करून घ्यायला जायची. त्यांच्याकडं तेलावर चालणारं एक इंजन पडून होतं, हे मला ठाऊक होतं. निरोप धाडला. मिस्त्रीचाचांचा उलट निरोप आला: हंगामापुरतं इंजन देतो, त्याला लागणारा आडव्या लाटांचा चरक देतो आणि सोबत मी स्वतः येतो, तुझ्या हातची बाजरीची भाकर खायला.

इंजन आलं तो दिवस मी विसरणार नाही. ते आलं बैलगाडीतून. आणि गाडी हाकत होता धोंडिबा. पाखऱ्या आणि सोन्याच ती ओढत होते, ज्यांचं काम ते इंजन काढून घेणार होतं. वाटेत एका ओढ्यात चाक रुतलं तर धोंडिबानं खांदा लावून बाहेर काढलं. वेशीपासून गाव मागं लागलं. कुणी इंजनाला हात लावून बघे, कुणी वास घेऊन बघे. म्हाताऱ्या बाया कडाकडा बोटं मोडत होत्या. मिस्त्रीचाचा गाडीत इंजनाला टेकून बसले होते, डोक्याला जाळीची टोपी, आणि चेहऱ्यावर वरातीतल्या नवरदेवाच्या बापाचा भाव. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "पोरी, ह्याला पानी दे, तेल दे. हे दमत न्हाय. दिस उगवल्यापासून मावळेपर्यंत, आपन दमू, हे न्हाय."

दुसऱ्या दिवशी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग ते बोललं. डग डग डग डग. झाडावरचे कावळे उडाले, गोठ्यात सोन्यानं दावं तोडलं, आणि नव्या चरकाच्या तोंडातून रसाची अशी जाड धार पडली की बघणारे लोक मागं सरले. मी तोंडावर पदर धरून हसत सुटले. एवढा रस! जुन्या चरकाखाली तो करंगळीएवढा पडायचा. गंगूबाई, चिपाडं वाहणाऱ्या बायांची म्होरकी, तिनं कमरेवर हात ठेवून घोषणा केली, "आता काय, ह्या हप्त्यात ऊस संपतुया, आन मी माहेराला." सगळा मळा हसला. बाजेवर पडलेले मामंजीही म्हणाले, आज मला आंब्याखाली न्या. मग ती बाज हंगामभर आंब्याखालीच राहिली.

तो उत्साह काय सांगू. पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठून मळ्यात. दवानं ओला झालेला ऊस तोडताना होणारा तो खसखस आवाज, हातांना चिकटणारी पाचट, चुलवाणाच्या तोंडाशी, भाताची झोडणी आटपून मढ गावाकडून आलेली दोघं माणसं जाळ घालतायत, त्यांचे चेहरे लाल. काहिलीत रस उकळायला लागला की तिच्याभोवती सोन्यासारखा रंग नाचायचा. मी मालकांना खडकीला पत्र लिहिलं की आता तुमचा कारखाना मागं पडला.

आणि मग माणसं बिघडायला लागली. कसं, ते सांगताच येत नाही. कुणाचा पाय घसरला असं नाही, कुणी चोरी केली असं नाही. पण सकाळी येणारी गंगूबाई येताना बडबडत यायची, ती गप्प यायला लागली. जाळवाल्यांचं आणि चिपाडवाल्या बायांचं वाकडं आलं: तुमी वाळकी चिपाडं देत न्हाई, तुमी जाळ धड घालत न्हाई. ऊस घालणारा पोपट एरवी गरीब माणूस, त्यानं शेजारच्याच्या अंगावर कोयता फेकला. लागला नाही, नशीब. रसाचं पिंप भरून वाहायला लागलं, म्हणून रामभाऊ काहिल लवकर उतरवायचा, तर गूळ बसेना. उशिरा उतरवली, तर खाली लागली. जळक्या गुळाचा वास मळाभर पसरला आणि पाळीत पुढं असलेला एक शेतकरी येऊन ढेपेला नाक लावून गेला. ते मामंजींनी बाजेवरून बघितलं.

मग मी करायचं ते सगळं केलं. आधी गोड बोलले. चहात दुधाची धार वाढवली. मग तिखट बोलले, ते मला छान येतं. मग मला सुचला तो फेटा. मालकांचा लग्नातला गुलाबी फेटा पेटीतून काढला, आंब्याच्या फांदीला टांगला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की ह्या आठवड्यात जो सगळ्यात चांगलं काम करेल त्याचा हा फेटा. मला वाटलं, आता मळा पेटून उठेल. तो उठलाच. पोपट मोळीच्या मोळी एकदम चरकात कोंबायला लागला आणि चरक अडला. जाळवाल्यांनी इतका जाळ घातला की काहिलीतला रस उतू गेला. "वैनी," गंगूबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली, "मला गावला तर मी त्यो फेटा डोस्क्याला बांधू का कमरंला?" बाया हसल्या, पण ते हसणं काही बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन बाया आल्याच नाहीत. फेटा मी गुपचूप पेटीत ठेवून दिला.

त्याच दुपारी रामभाऊ काहिलीवरून उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हातारा माणूस, त्याच्या हातचा गूळ मंचरच्या बाजारात रंगावरून ओळखत. "सूनबाई," तो म्हणाला, "माझा हात आता त्या इंजनाच्या मागं पळतुया. गूळ पळून व्हत न्हाई. ह्या शनवारी मी निगालो, राग मानू नगा." गुळवा गेला म्हणजे गुऱ्हाळ बंद. शनिवार परवावर आला होता. बाजेवरून मामंजी म्हणाले, "बाबूला सांगावा धाडू का?" मी म्हटलं, "शनवारपातुर थांबा." का म्हटलं, मलाच कळलं नव्हतं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, माणसांना पुढं ढकलायच्या युक्त्या आपण किती शोधतो. गोड देतो, धाक देतो, फेटा टांगतो. माणसं कुठं अडकली आहेत हे बघायचं सोडून त्यांच्या पाठीत बोट घालत बसतो. हे मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, हे लिहून दे, मी भिंतीवर लावते." भिंतीवर लावून काही होत नाही, बये. ते मळ्यात व्हावं लागतं, आणि आमच्या मळ्यात ते आपोआप झालं.

शुक्रवारी सकाळ सरत आली आणि इंजन थांबलं. तेलाच्या नळीत कचरा अडकला होता. मिस्त्रीचाचा पाने घेऊन आडवे झाले. आणि मळ्यात अशी शांतता पसरली की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. कितीतरी दिवसांनी चिमण्या ऐकू आल्या. सगळे जिथल्या तिथं उभे, हातात ऊस, डोक्यावर चिपाडं, कुणाला काही सुचेना. तेवढ्यात गोठ्याच्या दारातून हाळी आली, "हां, सोऽऽडा रंऽऽ."

धोंडिबा. इंजन आल्यापासून तो बिचारा बैलांना वैरण घालत गोठ्यातच बसायचा. बैल आता बेल्ह्याच्या बाजारात विकायला जायचे, हे त्याला कळलं होतं. त्यानं ती हाळी थट्टेनं दिली होती, इंजनाला चिडवायला. पण ती ऐकली आणि सगळ्यांनी हातातलं टाकलं. मोळ्या पडल्या, चिपाडं पडली. गंगूबाई सावलीत गेली, पाय पसरले आणि एवढ्या दिवसांची साठलेली बडबड सुरू केली. कुणीतरी टमरेलं आणली. पोपटानं ज्याच्यावर कोयता फेकला होता त्याच्याच हातात पहिलं टमरेल दिलं. रस्त्यानं दोघं चालले होते, त्यांना हाक गेली, "या पावणं." मिस्त्रीचाचा नळी फुंकत फुंकत म्हणाले, "झालं, झालं, येक मिन्ट." आणि गंगूबाई ओरडली, "घाई न्हाई वो चाचा, दमानं घ्या."

रामभाऊ बिडी संपवून काहिलीवर गेला. पिंपात नवा रस पडत नव्हता, मागं कुणी लागलं नव्हतं. त्यानं निवांत भेंडीचं पाणी घालून मळी वर आणली, ती काढली, पाक पळीनं उचलून धार बघितली, पुन्हा उचलून बघितली. मग थेंब गार पाण्यात टाकला, त्याची गोळी केली आणि ताटलीवर आपटली. टण. काहिल उतरली आणि जो गूळ बसला त्याचा रंग मी तुम्हाला कसा दाखवू. रामभाऊनं कडेचा खडा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला. शनिवारचं नाव त्यानं काढलं नाही.

मी तो खडा तोंडात धरून उभी होते आणि एकदम लख्ख दिसलं. बैल सोडताना आम्ही इसावाही सोडून दिला होता. कुणी ठरवून नव्हे. तो बैलांचा आहे असं सगळ्यांनी इतकी वर्षं धरलं होतं, म्हणून बैलांबरोबर तोही गोठ्यात जाऊन बसला. इंजन दमत नव्हतं, मग आपण कोणत्या तोंडानं दमायचं? कुणाला म्हणताच येत नव्हतं की मला जरा बसायचंय. म्हणून माणसं भांडत होती. भांडण एवढाच काय तो इसावा उरला होता त्यांना. मला इतका आनंद झाला की मी खडा गिळायचंही विसरले.

धावतच मिस्त्रीचाचांकडं गेले. "चाचा, हे मधे मधे थांबवता येईल?" त्यांचा चेहरा पडला. "पोरी, येवडं हँडल मारून चालू करायचं आनि थांबवायचं? त्याचं डोकं फिरंल, माझं बी." "इंजन नका थांबवू. चरक थांबवा." त्यांनी टोपी मागं सारली. जुन्नरला जाऊन दुसऱ्या दिवशी ते एक मोकळं चाक घेऊन आले. चरकाच्या कामाच्या चाकाशेजारी ते बसवलं. लाकडी दांड्यानं इंजनाचा पट्टा ह्या चाकावरून त्या चाकावर सरकवला की इंजन आपलं डगडगत राही आणि चरक उभा. पुन्हा सरकवला की चरक चालू. मिस्त्रीचाचा स्वतःवर एवढे खूश झाले की त्यांनी तो दांडा सरकवून सरकवून सगळ्यांना दाखवला.

आणि तो दांडा मी धोंडिबाच्या हातात दिला. "हाळी तुमी द्यायची." तो म्हणाला, "वैनी, बैलाचं कान पडलं की मला कळायचं. हितं कुनाचं कान बगू?" मी म्हटलं, "तुमी बगा, तुमाला कळंल." दोन दिवस तो चुकतमाकत हाळी देत होता. मग त्याला सापडलं. मला हळूच येऊन म्हणाला, "गंगूबाईचं त्वांड बंद झालं की समजायचं, मंडळी दमली." गंगूबाईला हे कळलं तेव्हा तिनं त्याला उसानं बडवलं, पण त्यानंतर ती कधी मुद्दाम गप्प राहिली नाही. इमानदार बाई.

अडचण एकच होती आणि ती आंब्याखाली बाजेवर होती. मामंजींना हे अजिबात पटलं नाही. "येवडं इंजन आनलं ते पट्टा सरकवून बसायला? मंग बैल काय वाईट व्हते?" मी पदर सावरून म्हणाले, "इसावा इंजनाला न्हाई मामंजी. मानसांना." ते म्हणाले, "मानसं काय बैल हायती का दमायला?" आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घोंगडी तोंडावर ओढली. आतून आवाज आला, "कर तुला काय करायचं त्ये. ऊस राहिला तर बाबू हायेच." दिवसभरात ते कधी रस घेत नसत. इसाव्याची टमरेलं फिरली की तोंड दुसरीकडं करत.

पण हंगाम असा रंगला म्हणता. न आलेल्या बाया परत आल्या. रस्त्यानं जाणारे लोक इसाव्याची वेळ साधून येऊ लागले आणि जाताना कुणी मोळी उचलून देई, कुणी चिपाडं पसरून देई. रामभाऊ काहिलीवर गुणगुणू लागला. गंगूबाईनं मिस्त्रीचाचांना भारूड म्हणायला शिकवलं आणि चाचांनी तिला उर्दूत एक ते दहा. ढेपांची रांग झोपडीच्या भिंतीला लागली, पिवळीजर्द. ढेपेला नाक लावून गेलेला तो शेतकरी ऊस घेऊन आला. मी दिवसाला शंभर वेळा मळ्यातून घरी आणि घरून मळ्यात पळे, आणि थकवा म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं. वय होतं, हे खरंच. पण नुसतं वय नव्हतं. सगळी माणसं एका ओढीनं चालली की तिथं उभ्या असलेल्या माणसाच्याही अंगात वारं शिरतं.

पाळीत शेवटचा ऊस राहिला तो बाबूरावांचा. त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला असणार, तोवर आमचं बंद पडेल आणि आपला आपल्याच दारात गाळू, ह्या हिशेबानं. बंद पडलं नाही, म्हणून आणावा लागला. आले ते घाई करतच. उन्हं उतरायच्या आत सगळं उरकायचं, दुसऱ्या दिवशी त्यांना बेल्ह्याच्या बाजाराला जायचं. मामंजींच्या बाजेवर बसून त्यांनी चालवलं, "दादा, सांगा की जरा हात उचलायला." दुपार झाली. गंगूबाई गप्प झाली. धोंडिबानं दांड्याला हात घातला आणि हाळी दिली, "हां, सोऽऽडा रंऽऽ."

"आरं, थांबवतो काय?" बाबूराव उठून उभे राहिले. "दादा, तुमी तरी बोला."

आणि मामंजी बोलले. कोपरावर उठून, पहिल्यासारख्या आवाजात बोलले, "धोंड्या, चालू ठिव."

इंजन डगडगत होतं. बाकी कुणी हललं नाही. धोंडिबाचा हात दांड्यावर, पट्टा अर्धवट. पोपटाच्या हातात ऊस. रामभाऊ काहिलीवरून बघत होता. आणि ते सगळे मामंजींकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. सासऱ्याचा शब्द, भर मळ्यात, चार माणसांत. मी पदर पुढं ओढला आणि धोंडिबाकडं बघून मान हलवली. पट्टा सरकला. चरक थांबला.

कुणी बसेना. सगळे आपापल्या जागी उभे. मामंजींनी त्या प्रत्येकाकडं बघितलं, एकेकाकडं, मग थांबलेल्या चरकाकडं, आणि शेवटी झोपडीच्या भिंतीला लागलेल्या ढेपांकडं. मग त्यांनी बाजेवरून हात पुढं केला. "मला बी द्या की टमरेलभर," ते म्हणाले. "म्या काय पाप केलंय?"

गंगूबाईनं टमरेल भरून आणलं. मामंजी ते सगळं प्यायले, मिशा पुसल्या आणि रिकामं टमरेल गंगूबाईच्या हातात परत दिलं. मळाभर पुन्हा बोलणं सुरू झालं. मी पाठ फिरवली, डोळे पुसायचे होते. धोंडिबा म्हणाला, "वैनी, धूर लागला व्हय?" मी म्हटलं, "हो, धूर." पाखऱ्या आणि सोन्याही मग बेल्ह्याला विकायला गेले नाहीत. नांगराला ठेवा, मामंजी त्याच संध्याकाळी म्हणाले.

इसावा संपला. धोंडिबानं पट्टा पुन्हा सरकवला, चरक फिरायला लागला, माणसं कामाला भिडली आणि मी रामभाऊच्या हाताखाली मळीचा झारा धुवायला गेले. बाबूराव अजून बाजेजवळच घुटमळत होते. त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच, "मंग दादा, पुढल्या सालचं कसं? गुऱ्हाळाचं?"

मामंजींनी घोंगडी सारखी केली. "मला काय इचारतो? तिला इचार," ते म्हणाले. "पर आता न्हाई, आता ती कामात हाय. इसावा व्हईल तवा ये."

बाबूराव मग खरंच तिथं आंब्याखाली बसून राहिले, पुढच्या इसाव्यापर्यंत.